पवन्याचं बी आणि तारेचा ब्रश

समजा, तुमच्या हातात स्टीलचा एक पेला आहे. त्यात तांदूळ भरा आणि पेला हळूच तिरका करा. तांदूळ सरसर खाली आले ना? आता पेला रिकामा करा आणि त्यात गवताचं बी भरा. गवताचं बी तुम्ही कधी पाहिलं नसेल, तर असं करा, थोडा कापूस घ्या, त्यात बारीक काड्या आणि मांजराचे केस कालवा. झालं गवताचं बी. करा पेला तिरका. काही पडत नाही. आणखी तिरका करा, पालथा करा, बुडावर थाप मारा. मग कुठे एक गोळा भसकन खाली येईल, आणि त्यात बी कुठलं आणि भुसकट कुठलं हे तुम्हाला काही केल्या कळणार नाही.

या हट्टी बियाशी साकीनाक्याच्या एका गाळ्यात एक माणूस झटत होता. त्याचं नाव सुबोध. आणि त्याच्या पाठीमागे, उपड्या घातलेल्या रंगाच्या डब्यावर बसून, त्याची मुलगी गंधाली ते बघत होती.

गंधालीची पाचवीची परीक्षा संपली होती. असल्फाच्या चाळीतली तिच्या बरोबरीची पोरं एकेक करून गावाला गेली होती. तिची आई नर्स होती, आणि दीड वर्षापासून मस्कतच्या एका इस्पितळात कामाला होती. घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून बाबा रोज सकाळी गंधालीला बरोबर घेऊन निघायचा. दोघं मेट्रोने एक स्टेशन यायचे आणि संध्याकाळी तसेच परत जायचे. दिवसभर दोघं एकाच खोलीत असायचे, पण बोलणं होत नसे. मशीन चालू असलं की त्या आवाजात बोलता यायचं नाही, आणि मशीन बंद असलं की बाबा विचारात असायचा. गंधाली काही विचारायची तेव्हा तो "हं" म्हणायचा. तो "हं" तिला पाठ झाला होता. पुढे पुढे तिने विचारणं सोडून दिलं आणि डब्यावर बसून एकटीच भेंड्या खेळायला लागली. दोन्ही बाजूंनी तीच.

मशीन कशासाठी, तेही सांगायला हवं. साताऱ्याकडे इरावतीताई म्हणून एक बाई होत्या. तिकडचे काही माळ पार उघडे पडले होते, नुसता मुरूम राहिला होता. त्यावर पूर्वीसारखं पवना गवत उभं करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. बी पेरणीच्या नळीतून पडलं तर एवढे मोठे माळ पेरून होणार. पण पवन्याच्या बियाला अंगभर लव असते आणि शेपटीसारखं एक लांब कुसळ. नळीत घातलं की ते एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसतं. म्हणून ती लव आणि कुसळं काढणारं, बी मोकळं करणारं मशीन ताईंना हवं होतं, आणि ते करून द्यायचं सुबोधने कबूल केलं होतं.

ते त्याचं शेवटचं काम ठरणार होतं, नाहीतर नव्या कामांची सुरुवात. मेट्रोचा जिना चढताना एकदा त्याने गंधालीला सरळच सांगून टाकलं होतं. ताईंनी मशीन पसंत केलं तर त्यांच्यासारख्या आणखी दोघातिघांना तसंच हवं आहे, गाळा चालू राहील. नाही केलं, तर गाळा बंद. मग दूर दक्षिणेतल्या होसूरच्या कारखान्यात नोकरी, तिथे राहायला इतर माणसांबरोबर एक खोली, आणि गंधालीने कणकवलीला रत्नप्रभा आत्याकडे जायचं. आत्याचा गंधालीवर जीव होता. तिच्याकडे विहीर होती, फणस होते, म्हशीचं पारडू होतं. पण आई मस्कतला, बाबा होसूरला आणि आपण कणकवलीला, हे गंधालीने मनात जितक्या वेळा मांडून पाहिलं तितक्या वेळा तिने ते पुसून टाकलं.

तर, मशीन. सुबोधने आधी साधी हलती चाळणी करून पाहिली. बियाच्या लवेने भोकं बुजली आणि चाळणीवर गादी तयार झाली. मग त्याने जाळीचा आडवा ढोल केला. ढोलात फिरणारा दांडा, आणि दांड्यावर पांढऱ्या नायलॉनचे ब्रश. ब्रश बियाला जाळीवर घासायचा, लव आणि कुसळं तुटायची. मग खालून पंख्याचा वारा. हलकं भुसकट उडून पिशवीत जायचं आणि जड बी खालच्या तसराळ्यात पडायचं. वरून बी ओतायच्या तोंडातच सगळं अडकायचं, म्हणून तिथेही त्याने सळईची हलती बोटं बसवली. हे सगळं जमायला फार दिवस लागले. कधी जाळी फाटली, कधी पंख्याने बी आणि भुसकट दोन्ही उडवून गाळाभर केलं. गंधालीच्या वेणीत तेव्हा इतकी कुसळं अडकली की ती काढता काढता ती रडकुंडीला आली.

शेवटी बी पडायला लागलं. पण अंगावर थोडी लव राहायचीच, रविवारी दाढी न केलेल्या गालासारखी. पेला तिरका केला तर बी खाली यायचं, जरा आढेवेढे घेत, पण यायचं. सुबोधचं समाधान होईना.

आणि इथे त्या गल्लीची गोष्ट सांगायला हवी. त्या गल्लीत सगळे घासणारेच होते. कुणी नळ घासायचं, कुणी दाराच्या मुठी, कुणी कुकरची झाकणं. माल कसा झाला हे बघायची तिथली रीत एकच, वस्तू ट्यूबलाइटखाली धरायची आणि फिरवायची. चमकली की काम झालं. शेजारच्या गाळ्यातला चंद्रप्रकाश जन्मभर नळांना पॉलिश करत आलेला. त्याने सुबोधच्या तसराळ्यातलं बी तळहातावर घेतलं, ट्यूबखाली धरलं आणि तोंड वाकडं केलं.

"सुबोधभाई, हे काय? दाढी अर्धीच करून सोडली बिचाऱ्याची," तो म्हणाला, आणि आपल्या गाळ्यातून तारेचा ब्रश घेऊन आला. गंज काढायचा, कडक.

सुबोधने नायलॉनचे ब्रश उतरवले आणि तारेचे चढवले. आता बी आलं ते पाण्यासारखं! पिवळसर, गुळगुळीत, चकाकणारं. पेला तिरका करायच्या आतच धावत सुटायचं. गल्लीतली माणसं बघायला आली. ज्याने त्याने चिमूटभर उचललं, ट्यूबखाली धरलं आणि मान डोलावली. सुबोध हसला. गंधालीला आठवत होतं तेव्हापासून पहिल्यांदा तो गाळ्यात हसला.

त्या संध्याकाळी ते मेट्रोने गेलेच नाहीत. चालत गेले. वाटेत बर्फाचा गोळा खाल्ला, काला खट्टा. आणि बाबा बोलत होता. त्याचे वडील गिरणीत होते, तिथून ते याच्यासाठी लाकडी बॉबिन आणायचे आणि हा त्यांची गाडी करायचा, हे सगळं त्याने तिला सांगितलं. तिनेही शाळेतलं सांगितलं, मैत्रिणीशी झालेलं भांडण सांगितलं, आणि तो "हं" म्हणाला नाही, तर "मग तू काय केलंस?" असं म्हणाला. घर फार लवकर आलं असं गंधालीला वाटलं.

आता गंमत बघा. त्या आनंदातच तिच्या मनात आलं की मे सरता सरता इरावतीताई मशीन बघायला येतील, तेव्हा त्यांना आपण याच बियाचं गवत उगवून दाखवायचं. बाबाला आधी काही सांगायचं नाही. आई मटकीला मोड आणायची तसं तिने चकाकणारं मूठभर बी ओल्या फडक्यात बांधून खिडकीत टांगलं. काही दिवसांनी उघडलं तर आंबूस वास आणि काळी बुरशी.

मस्कतहून आईचा फोन आला तेव्हा गंधालीने तिला विचारलं. आई हसली. "गाठोडा नको गो बांधू, ताटात पसरून ठेव," ती म्हणाली. आणि मग नर्सच्या आवाजात तिने आणखी एक सांगितलं, की शेजारी थोडं न घासलेलं बीही ठेव, म्हणजे नाही उगवलं तर चूक पाण्याची की बियाची ते कळेल.

गंधालीने घरी, बाबाला दिसणार नाहीत अशा बेताने खाटेखाली तीन ताटल्या मांडल्या. एकीत पोत्यातलं केसाळ बी, दुसरीत आधी काढलेलं, नायलॉनच्या ब्रशाचं, तिसरीत तारेच्या ब्रशाचं. खाली ओलं फडकं, वरून रोज पाण्याचा शिपका. आधी केसाळ बियातून एक हिरवी सुई वर आली, मग आणखी दोनचार. नायलॉनच्या ताटलीत तर चांगली दाटी झाली. तिसरी ताटली मात्र चकाकत राहिली.

आपलंच काही चुकलं असणार, असं म्हणून तिने ताटल्या धुतल्या आणि सगळं पहिल्यापासून मांडलं. पुन्हा तेच झालं. मग एका संध्याकाळी, बाबा वाणसामान आणायला गेला असताना, तिने शाळेच्या विज्ञानपेटीतलं भिंग काढलं.

तुम्ही भुईमुगाचा दाणा कधी सोलून दोन भाग केलाय? त्याच्या टोकाशी एक इवलंसं नाक असतं, बघा. ते नाक म्हणजे झोपलेलं झाड. प्रत्येक बियात ते कुठेतरी असतं. पवन्याच्या बियात ते एका टोकाशी, अगदी कातडीलगत असतं. गंधालीने भिंगातून एकेक बी पाहिलं. नायलॉनच्या बियांची टोकं शाबूत होती. तारेच्या बियांची टोकं टवके उडालेली. बी सुरेख चमकत होतं आणि त्यातलं झाड घासून निघालं होतं.

ती भिंग हातात धरून कितीतरी वेळ जमिनीवर बसून राहिली. शेजारच्या खोलीत टीव्ही चालू होता, कुणीतरी हसत होतं. हे सांगायला घरात कुणी नव्हतं. आणि ज्याला सांगायचं, तो आता रोज घरी येताना शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी ती चंद्रप्रकाशच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिने त्याला आडूनच विचारलं, की पॉलिश केलं की वस्तूला काही होतं का?

"बेटा, पॉलिश म्हणजे काय? वरचा थोडा माल खायचा," तो नळ चाकाला लावत म्हणाला. "माल नाय खाल्ला तर चमक येणार कुठून?"

नळाचा माल थोडा गेला तर नळाचं काही बिघडत नाही. गंधाली मान हलवून परत आली आणि डब्यावर बसली. सांगावं, तर बाबा पुन्हा "हं" म्हणणारा बाबा होईल, आणि मग होसूर. न सांगावं, तर? कुठल्याशा माळावर बी पडेल आणि काही होणार नाही. तो माळ तिने पाहिलेलाही नव्हता. बाबाची शीळ मात्र ती रोज ऐकत होती. आईने फोनवर विचारलं, "उगवला काय गो?" तेव्हा तिने आवाज येत नाही असं सांगून फोन ठेवून दिला. आईशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती. फोन ठेवल्यावर खोली आधीपेक्षा मोठी झाल्यासारखी वाटली.

इरावतीताई आल्या त्या टेम्पोत पोती घालूनच. पिकलेले केस, पायात जाड चपला, बोलणं मऊ. सुबोधने थोडं बी मशीनमध्ये टाकून दाखवलं. ताईंनी बरोबर पेरणीची नळी आणली होती. तसराळ्यातलं बी त्यांनी नळीत ओतलं, आणि ते सळसळत खाली आलं. त्यांनी पुन्हा ओतलं. तिसऱ्यांदा तर त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

त्यांनी विचारलं, बियाची उगवण पाहिली आहे ना? सुबोधने अगदी मनापासून सांगितलं की बी तेच आहे, फक्त अंगावरचं काढलंय. त्याला तसंच वाटत होतं. ताईंनी बाहेर पांढऱ्या उन्हाकडे पाहिलं. पाऊस तोंडावर आला होता, त्याआधी बी माळावर जायला हवं होतं. त्या म्हणाल्या, मग आजच सगळी पोती काढून टाकू या.

पोती उतरत होती तेव्हा त्या गंधालीपाशी येऊन बसल्या. हे बी दिवाळीनंतर गावातल्या बायकांनी डोंगरावर हाताने ओरबाडून गोळा केलंय, आणि आता पुढच्या दिवाळीपर्यंत असं बी कुठे मिळायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. कुसळं बोटात कशी शिरतात ते दाखवायला त्यांनी स्वतःचा अंगठा पुढे केला. त्यावर बारीक काळे ठिपके होते, आत राहून गेलेल्या कुसळांचे. "पुढच्या वर्षी हिरवं झालेलं दाखवीन तुला," त्या म्हणाल्या. "येशील ना, बाळ?"

गंधाली ताईंच्या अंगठ्याकडे बघत राहिली. तिचे कान तापले होते.

सुबोधने मशीन चालू केलं. ढोल घरघरायला लागला. त्याने पहिलं पोतं खांद्यावर घेतलं, स्टुलावर चढला आणि पोत्याचं तोंड सोडलं. पहिला केसाळ गोळा आत पडणार, एवढ्यात गंधाली उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने लाल बटण दाबलं.

इतकं शांत झालं की शेजारच्या चाकाचा आवाज ऐकू यायला लागला. पोतं खांद्यावर तसंच घेऊन बाबा तिच्याकडे बघत राहिला.

"बाबा, जरा बाहेर ये."

तो आला. गल्लीत नळांनी भरलेल्या टोपल्यांपाशी दोघं उभे राहिले.

"ते उगवत नाही," गंधाली म्हणाली.

"काय उगवत नाही?"

"चमकतं ते. मी ताटलीत घालून बघितलं. दोनदा. पांढऱ्या ब्रशाचं उगवतं, हे नाही उगवत. त्याचं नाक तुटतं."

सुबोधने कपाळावरचा घाम पुसला. मग विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"बरेच दिवस."

"मग बोलली का नाहीस, गंधू?"

"तू होसूरला गेला असतास."

तो टोपलीतल्या नळांकडे बघत राहिला. तो रागावेल असं तिला वाटलं होतं, निदान "हं" म्हणेल असं वाटलं होतं. पण खिशातून त्याने चिमूटभर बी काढलं, तो ते चकाकणारं बी पहिल्या दिवसापासून खिशातच ठेवायचा, आणि गंधालीने पुढे केलेल्या भिंगाखाली धरलं. बराच वेळ बघितलं. मग आत गेला आणि इरावतीताईंना त्याने स्वतःच सगळं सांगितलं. कुणाचं नाव पुढे केलं नाही. चमक बघत बसलो आणि बी बघायचं राहिलं, असं म्हणाला.

ताईंनीही भिंग मागून घेतलं. त्यांचं हसू गेलं होतं, पण आवाज चढला नाही. "आज मशीन घेते असं नाही म्हणता यायचं मला, सुबोधराव," त्या म्हणाल्या. एक पोतं त्यांनी ठेवलं आणि म्हणाल्या, तुमच्या पांढऱ्या ब्रशाने काढून पाहा, नळीतून निभावलं आणि उगवलं तर बोलू, नाहीतर आमच्या बायका आहेतच, हाताने पेरतील जमेल तेवढं. बाकीची पोती परत टेम्पोत चढली. निघताना त्यांनी गंधालीच्या गालाला हात लावला आणि टेम्पोत चढल्या.

गाळ्यात दोघंच उरले, आणि एक पोतं. होसूरचं काय ते गंधालीने विचारलं नाही आणि बाबानेही सांगितलं नाही. त्यालाही ते माहीत नव्हतं. तो ढोलापाशी खाली बसला आणि तारेचे ब्रश उतरवायला लागला. ब्रशाची पट्टी लांब बोल्टांनी आवळलेली असते. अलीकडे नट, पलीकडे बोल्टाचं डोकं. नट फिरवला की बोल्टही त्याच्याबरोबर गरगर फिरायला लागतो, म्हणून पलीकडून डोकं कुणीतरी धरून ठेवावं लागतं. सुबोध एक हात ढोलाला वळसा घालून पलीकडे नेत होता आणि दुसऱ्या हाताने नट फिरवत होता. पाना सारखा निसटत होता.

गंधाली डब्यावरून उठली. भिंतीवरून तिने दुसरा पाना काढला, तो तिला जड होता. ढोलाच्या पलीकडच्या बाजूला ती गुडघे टेकून बसली, बोल्टाच्या डोक्याला पाना लावला, दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि जाळीतून बाबाकडे बघत म्हणाली, "फिरव."